गिरणगावात विहार उभारणारे शिक्षक : आचार्य धर्मानंद कोसंबी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली. तो दिवस म्हणजे आपल्या सर्वांचा खरा जन्मदिवस. परंतु त्याच्याही एकोणीस वर्षे आधी, १९३७ साली, मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या भर वस्तीत एक बुद्धविहार उभा राहिला होता, ही गोष्ट आपल्या नव्या पिढीतील किती मुलांना ठाऊक आहे? त्या विहाराचे नाव बहुजन विहार, आणि तो उभारणाऱ्या माणसाचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे असे मला मनापासून वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच. मी काही पंडित नाही. गिरणीच्या खात्यात उभे राहून आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे शिकलो, तेवढ्या शिदोरीवर लिहितो आहे.

धर्मानंदजींना लोक पाली भाषेचे पंडित म्हणून ओळखतात. ते खरेच आहे. पण माझ्या मते त्यांची मोठी ओळख शिक्षकाची आहे. पंडित पुष्कळ असतात. ते ज्ञान कपाटात ठेवतात आणि किल्ली खिशात. धर्मानंदजींनी उपाशीतापाशी वणवण करून जे मिळवले ते परत येऊन वाटून टाकले. पैशासाठी नव्हे, मानासाठी नव्हे, तर ज्यांच्या दारापर्यंत ते कधी पोहोचलेच नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून. त्यांच्या सबंध आयुष्याचे सार काढायचे झाले तर ते एवढेच आहे.

गोव्यातले बालपण

धर्मानंदजींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. मराठी शाळेची धड सोय नाही. त्यात प्रकृती नाजूक. त्यामुळे त्यांचे शाळेतले शिक्षण जेमतेमच झाले. आज आपण ज्यांना हार्वर्डचे विद्वान म्हणतो त्या माणसाजवळ शाळेचा म्हणावा असा दाखला नव्हता, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवे. घरची नारळाची बागायत होती. तिची देखभाल करायची आणि हाती लागेल ते पुस्तक वाचायचे, असा त्यांचा दिवस जायचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे चौदा-पंधराव्या वर्षीच बाळाबाईंशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले.

मन मात्र संसारात रमेना. अशा अवस्थेत १८९७च्या सुमारास 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांविषयीचा एक लेख वाचला. लेख लहानसाच, पण तो या तरुणाच्या काळजात रुतून बसला. पुढे मराठीत एक बुद्धचरित्र मिळाले. तेही त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले आणि मनाशी ठरवले की, काय वाटेल ते होवो, या महापुरुषाचा धम्म मुळापासून शिकायचाच.

इथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. पुढे काही वर्षांनी मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी विद्यार्थी भीमरावांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले हे आपण सारे जाणतोच. इकडे गोव्याच्या बागायतीत एका मुलांच्या मासिकाने तसेच काम केले. दोन्ही ठिकाणी ठिणगी पडली ती साध्या मराठी मजकुराने. म्हणून लहान पुस्तकाला कधी लहान म्हणू नये. कुणाच्या हाती ते कधी पडेल आणि काय घडवील, सांगता येत नाही.

ज्ञानासाठी वणवण

१८९८ साली वडील वारले. १८९९ साली मुलगी माणिक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदजींनी घर सोडले. प्रथम पुणे. तिथे डॉ. रा. गो. भांडारकरांसारख्या विद्वानांची भेट झाली आणि संस्कृतचा अभ्यास सुरू झाला. मग ग्वाल्हेर, आणि तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांजवळ संस्कृत शिकायचे, असा क्रम त्यांनी चालवला. अन्नछत्राचे जेवण म्हणजे दुसऱ्याच्या दारचे जेवण. ज्याच्या घरी नारळीच्या बागा होत्या तो माणूस ज्ञानासाठी तिथे रांगेत बसत होता.

संस्कृत आले, पण बुद्ध सापडेना. ज्या भूमीत तथागत पंचेचाळीस वर्षे गावोगाव फिरले त्या भूमीत त्यांची वाणी शिकवणारा माणूस मिळेना. कुणीतरी सांगितले की नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे. झाले! १९०२ सालच्या सुरुवातीला धर्मानंदजी नेपाळच्या वाटेला लागले. डोंगर चढत, उतरत काठमांडूला पोहोचले. तिथे त्यांना जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. मूर्ती होत्या, पूजा होत्या, मंत्र होते. परंतु ज्या शिकवणीच्या शोधात ते निघाले होते ती काही तिथे दिसली नाही. दुसरा कुणी असता तर इथूनच माघारी फिरला असता. हे बुद्धगयेला गेले. तिथे कळले की पाली ग्रंथ शिकायचे तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले पाहिजे. मग कलकत्ता आणि तिथून सिलोन.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली १९०२ साली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास सुरू केला. तिथली हवा आणि अन्न मानवेना, म्हणून मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तिथे भिक्षू झाले, विहारात राहून ध्यानमार्गाचा अभ्यास केला. मधल्या काळात भारतात परत येऊन सारनाथ, कुशिनारा ही तथागतांच्या पावलांनी पुनीत झालेली स्थळे पाहिली.

पाली ग्रंथांची तेव्हाची गोष्ट वेगळी होती. सिलोनमधले ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशातले ब्रह्मी लोकांच्या लिपीत, आणि युरोपात छापलेले रोमन लिपीत. एकच सुत्त तीन ठिकाणी तीन लिप्यांत. शिकणाऱ्याने आधी लिपी शिकायची आणि मग भाषा. नागरी अक्षरात सहज वाचता येईल असे आपल्याकडे फारसे काही नव्हतेच. म्हणजे आपल्याच मातीतल्या माणसाचा उपदेश वाचायला आपल्यालाच समुद्र ओलांडून जावे लागत होते! ही लाज धर्मानंदजींच्या मनाला लागली असली पाहिजे. कारण पुढचे सारे आयुष्य त्यांनी हे अंतर बुजवण्यातच घातले.

अडीचशे रुपये की पन्नास?

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. आता त्यांनी भिक्षूचे चीवर उतरवले होते. तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. कुटुंबाची भेटही याच सुमारास झाली. नोकरी चांगली, मान चांगला. पण मनात एकच घोर, की हे ज्ञान महाराष्ट्रात कसे पोहोचेल?

बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, बडोदे सरकार दरमहा पन्नास रुपये देईल. कलकत्ता विद्यापीठ त्यांना ठेवून घेण्यासाठी महिना अडीचशे रुपये द्यायला तयार होते. एका बाजूला अडीचशे, दुसऱ्या बाजूला पन्नास. धर्मानंदजींनी पन्नास रुपये पत्करले.

पगाराच्या दिवशी पाकीट मोजून घेणाऱ्या आम्हा कामगारांना या हिशेबाचा अर्थ लवकर कळतो. घरात बायको, मुलगी, १९०७ साली जन्मलेला मुलगा. चार तोंडे खाणारी आणि पाचातले चार भाग सोडून द्यायचे! पण त्यांच्या हिशेबाच्या वहीत वेगळा जमाखर्च होता. मराठी माणसाला मराठीत बुद्ध वाचायला मिळाला पाहिजे, ही त्यातली जमेची बाजू. बडोद्यात त्यांनी व्याख्याने दिली आणि त्यांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले. पुढे 'बुद्धलीलासारसंग्रह', जातककथा, 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय' अशी पुस्तके एकामागून एक आली. भाषा कशी, तर चौथी शिकलेल्या माणसालाही समजावी अशी. शब्दांचा फुलोरा नाही, चमत्कारांचा बाजार नाही. जे ग्रंथात आहे ते आणि जे बुद्धीला पटते ते.

वर्गातले गुरुजी

१९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून त्यांना बोलावणे आले. 'विसुद्धिमग्ग' हा आचार्य बुद्धघोषांचा मोठा पाली ग्रंथ शुद्ध करून छापायचे काम तिथे अर्धवट पडले होते. ज्याने शाळा पुरी केली नाही तो माणूस जगातल्या नामांकित विद्यापीठात पंडितांच्या बरोबरीने बसला. पण पुस्तकावर श्रेय कुणाचे, यावरून तिथल्या वडीलधाऱ्या प्राध्यापकांशी मतभेद झाले, तेव्हा स्वाभिमान गहाण न टाकता ते १९१२ साली परत आले. काम मात्र त्यांनी टाकले नाही. या ग्रंथासाठी ते पुढे आणखी तीन वेळा अमेरिकेला गेले. नागरी लिपीतली त्याची आवृत्ती १९४० साली मुंबईला निघाली आणि हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० साली निघाली. एका ग्रंथासाठी इतकी वर्षे! चिकाटी कशाला म्हणतात ते यावरून समजावे.

अमेरिकेत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. समाजवादाची पुस्तके वाचली आणि तिथल्या कामगारांचे लढे जवळून पाहिले. बुद्धांचा संघ आणि कष्टकऱ्यांची समता यांचे नाते त्यांच्या मनात इथूनच जुळत गेले.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली भाषा आली त्यामागे त्यांची खटपट मोठी होती. विषय आला म्हणून काय झाले, शिकणारे तयार व्हायला हवेत. ते काम त्यांनी वर्गात केले. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे पुढे पालीचे नामवंत विद्वान झाले ते त्यांच्याच हाताखाली शिकून. आणि ज्यांच्या चिमणरावाने सबंध महाराष्ट्राला हसवले ते चिं. वि. जोशी, तेसुद्धा धर्मानंदजींचेच पालीचे विद्यार्थी! आपल्याकडे पाली शिकवणाऱ्यांची गुरुपरंपरा मागे मागे शोधत गेलो, तर बहुतेक वेळा ती धर्मानंदजींच्या वर्गापाशी जाऊन पोहोचते. खरा शिक्षक तोच, ज्याच्यामागे शिक्षक उभे राहतात.

पुढे १९२२ ते १९२५ अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. १९२९ साली रशियातील लेनिनग्राडला पाली शिकवण्यासाठी गेले. तिथली थंडी बाधली, पण कामगारांच्या राज्याचा तो प्रयोग त्यांनी डोळ्यांनी पाहिला. चांगले ते चांगले म्हटले, परंतु हिंसेचा मार्ग त्यांना कधी पटला नाही. पुस्तकातला पंडित असता तर इतक्या विद्यापीठांची नावे पाठीशी लागल्यावर एखाद्या बंगल्यात आरामखुर्ची टाकून बसला असता. धर्मानंदजी १९३० साली भारतात आले आणि थेट मिठाच्या सत्याग्रहात उतरले.

सत्याग्रह, तुरुंग आणि गिरणगाव

वय चौपन्नच्या घरात, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली. शिरोड्याच्या मिठागरावरच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. त्यानंतर मुंबईच्या गिरणगावात कामगारांमध्ये हिंडून त्यांना चळवळीत आणण्याचा प्रयत्न केला. विलेपार्ल्याच्या छावणीचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. सरकारने पकडले, एक वर्षाची सजा आणि दोनशे रुपये दंड ठोठावला, ठाण्याच्या तुरुंगात ठेवले. पुढे हायकोर्टातून त्यांची लवकर सुटका झाली.

गिरणगावातल्या त्या दिवसांत त्यांनी काय पाहिले असेल, ते आम्हा लोकांना वेगळे सांगायला नको. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, कापसाच्या तंतूने भरलेली छाती, सावकाराचे व्याज आणि दारूचा गुत्ता. त्यातही जो अस्पृश्य समजला जाई त्याचे दुःख दुहेरी. गिरणीतही जात त्याचा पाठलाग सोडत नसे. जास्त पैसे मिळणाऱ्या साचेखात्यात त्याला घेत नसत. कारण काय, तर कांडीवरचा धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याचा विटाळ होतो! मालक, मुकादम, जोडीदार कामगार, सगळ्यांनी मिळून हा अन्याय चालवला होता. बाबासाहेबांनी याच अन्यायाविरुद्ध गिरणगावात आवाज उठवला, हा इतिहास आपल्या घराघरात माहीत आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतबाहेर परळला बहुजन विहार उभा राहिला. नाव बघा कसे ठेवले. बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी चारिका करा, असा तथागतांनी भिक्षूंना आदेश दिला होता. त्यातला बहुजन शब्द त्यांनी उचलला आणि विहार कुठे बांधला? मलबार हिलवर नाही, पुण्याच्या विद्वानांच्या पेठेत नाही, तर भोंग्याच्या आवाजावर उठणाऱ्या आणि भोंग्याच्याच आवाजावर झोपणाऱ्या कामगारांच्या वस्तीत. हार्वर्डला शिकवलेला माणूस परळला येऊन राहिला. दोन-अडीच वर्षे त्यांनी तिथे काढली. कामगार आणि दलित वस्तीतल्या माणसांनी यावे, बसावे, ऐकावे, विचारावे, यासाठी ते दार उघडे होते.

दोन अवघड प्रश्न

आता काही मंडळी माझ्यावर रागावतील, पण चरित्र लिहायचे तर सोयीचे तेवढेच लिहून चालत नाही. आपले काही कार्यकर्ते विचारतात की, धर्मानंद कोसंबी तर गांधीजींच्या गोटातले, त्यांच्या विहाराला पैसा बिर्ला शेठजींचा, मग त्यांचा फोटो आपण का लावायचा? प्रश्न रास्त आहे. ते काँग्रेसच्या चळवळीत होते, गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती आणि विहार बिर्लांच्या देणगीतून झाला, हे खरेच आहे. पुणे कराराची जखम उरात असलेल्या समाजाने हे विसरावे असे मी म्हणणार नाही. राजकारणात आपली वाट बाबासाहेबांची आणि तीच राहील.

परंतु माणसाला मोजताना त्याने काय दिले तेही मोजले पाहिजे. त्यांचा १९४०-४१ साली निघालेला 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ घ्या. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून राजपुत्र घाबरला आणि घर सोडून पळाला, ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जात होती. धर्मानंदजींनी 'सुत्तनिपाता'तील अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन वेगळा विचार मांडला. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणे होती. माणसे एकमेकांवर शस्त्र उगारतात हे पाहून सिद्धार्थाचे मन उद्विग्न झाले आणि त्यातून गृहत्याग घडला, असे त्यांचे म्हणणे. याच विषयावर त्यांनी पुढे 'बोधिसत्त्व' नावाचे नाटकही लिहिले. आता बाबासाहेबांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. तिथेही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला केलेला विरोधच आहे. बाबासाहेबांनी तो प्रसंग आपल्या स्वतंत्र प्रज्ञेने अधिक परखडपणे मांडला. पण बुद्ध हा रडून पळालेला राजपुत्र नसून समाजाच्या भांडणावर उत्तर शोधणारा विचारवंत आहे, हे मराठीत आधी निर्भयपणे सांगणारा माणूस धर्मानंद कोसंबी होता. जो ग्रंथ साहित्य अकादमीने पुढे देशातल्या अनेक भाषांत नेला, तो त्यांनी आपल्या मराठीत लिहिला. मला वाटते, एवढ्यासाठी तरी आपण कृतज्ञ राहायला हवे.

या ग्रंथापायी त्यांना त्रासही झाला. जुन्या काळच्या श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी जे लिहिले त्यावरून जैन समाजातील काही मंडळी संतापली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. आपल्या अभ्यासाने जे खरे ठरले ते त्यांनी मागे घेतले नाही. पण द्वेषही धरला नाही. त्यानंतर त्यांनी पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर आदराने पुस्तक लिहिले. मत सोडायचे नाही आणि माणूसही तोडायचा नाही, हे आपल्या चळवळीतल्या गटबाजी करणाऱ्या पुढाऱ्यांनी शिकण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो आपल्या भगिनी विचारतात. काही महिन्यांची मुलगी आणि तरुण पत्नी मागे टाकून गेलेल्या माणसाला थोर कसे म्हणायचे? जवळजवळ सात वर्षे बाळाबाईंनी कशी काढली असतील? पदरी लहान मूल, नवरा कुठल्या देशात आहे, परत येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि लोकांची तोंडे तर धरता येत नाहीत. या प्रश्नाला माझ्याजवळ गोड उत्तर नाही. एवढेच म्हणतो की, धर्मानंदजींच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, छापलेले नसले तरी, बाळाबाईंचे नाव आहे असे समजून ते वाचावे. आपल्या चळवळीतही कार्यकर्ता मिरवतो आणि त्याचे घर बाईच्या जिवावर चालते. नंतरच्या काळात त्यांनी लेकरांच्या शिक्षणात कसूर केली नाही हेही सांगितले पाहिजे. १९१८ साली अमेरिकेला जाताना माणिक आणि दामोदर या दोघांना त्यांनी बरोबर नेले. मुलीला शिकायला परदेशी नेणारा बाप त्या काळात किती घरांत होता? मुलगा दामोदर पुढे मोठा गणिती झाला आणि कष्टकऱ्यांच्या बाजूने भारताचा इतिहास लिहिणारा इतिहासकारही झाला.

शेवटचे दिवस

शरीर थकत चालले होते. मधुमेह होता, अंगाला असह्य खाज सुटे. आता आपल्या हातून कुणाची सेवा होत नाही, उलट दुसऱ्यांनाच आपली सेवा करावी लागते, हे त्यांना सहन होईना. जुन्या श्रमणांप्रमाणे अन्न सोडून देह ठेवावा असा विचार त्यांनी केला. १९४६ साली तसे उपोषण सुरूही केले, पण गांधीजींच्या आग्रहावरून थांबवले. पुढच्या वर्षी सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि सुमारे तीस दिवसांनी, ४ जून १९४७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांची प्राणज्योत शांतपणे मालवली. आपल्याला पटो वा न पटो, त्यांचा अंत असा झाला. तथागतांचा मार्ग मध्यम आहे. देह झिजवून टाकण्याचे व्रत त्यांनी सांगितले नाही, असे माझे मत आहे. तरीपण दुसऱ्यावर भार होऊन जगणे म्हणजे ज्याला शिक्षा वाटत होती, त्या माणसाचे मन आपण समजून घेतले पाहिजे.

आपले कसलेही स्मारक नको, ही त्यांची वृत्ती होती. त्यांच्या मृत्यूनंतर विद्यार्थ्यांना पाली शिकण्यासाठी श्रीलंकेला पाठवावे, अशी कल्पना गांधीजींनी मांडली. पुतळ्यापेक्षा ते बरेच म्हणायचे. कारण शिक्षकाचे स्मारक दगडाचे नसते, विद्यार्थ्यांचे असते.

आपण काय करणार?

परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी आजारी पडत गेली, जमिनीवर टॉवर आले, कामगार कर्जत-बदलापूरच्या पलीकडे फेकला गेला. पण जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याने पोटाला चिमटा घेऊन, दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडून विहार उभे केले. ही आपली मोठी कमाई आहे. मात्र या विहारांत चालते काय, हे एकदा छातीवर हात ठेवून पाहा. पौर्णिमेला वंदना, जयंतीला रोषणाई, वर्षावासात प्रवचन, आणि बाकीचे दिवस कुलूप. वंदना आपण पालीत म्हणतो. त्यातल्या किती शब्दांचा अर्थ आपल्याला सांगता येतो? ज्या भाषेसाठी एक माणूस नेपाळपासून ब्रह्मदेशापर्यंत हिंडला, ती भाषा आपण पाठ म्हणतो आणि अर्थ भन्तेजींवर सोपवतो. मंत्रासारखे बडबडणे हेच तर नेपाळात पाहून ते निराश झाले होते!

म्हणून माझी विहार कमिटीला आणि सर्व उपासक-उपासिकांना हात जोडून विनंती आहे. या वर्धापनदिनापासून आठवड्यातून एक दिवस, एक तास, आपल्या विहारात पालीचा वर्ग सुरू करावा. शिकवायला मोठा पंडित नसेल तर नसो. कॉलेजात पाली घेतलेली मुले-मुली आपल्या वस्तीत आहेत, त्यांना मान देऊन बोलवा. लहान मुलांना जातककथा वाचून दाखवा. कपाटात 'भगवान बुद्ध' आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी ठेवा आणि त्या कपाटाला कुलूप लावू नका. घरकाम करून दमलेली माउली असो की रात्रपाळी करून आलेला सिक्युरिटीवाला तरुण असो, ज्याला यायचे त्याला बसायला सतरंजी आणि वाचायला दिवा मिळाला पाहिजे. अडीचशे सोडून पन्नास घेणाऱ्या शिक्षकाचे ऋण याहून वेगळ्या रीतीने फिटणार नाही.

पालीचे आद्य शिक्षक, बहुजन विहाराचे संस्थापक आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!

नमो बुद्धाय! जयभीम!